फक्त दोर धरायचा

मेव्हण्याचा पाय घोड्याने मोडला असता तर चारचौघांत सांगायला तरी बरं झालं असतं. पण ज्या माणसाने सगळं आयुष्य अंगावर धावून येणारे घोडे आवरण्यात घालवलं, तो माळ्यावरची पेटी काढताना स्टुलावरून पडला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं, आणि घोड्यांचं प्रदर्शन अगदी तोंडावर आलेलं. थंडोबा आणि त्यांची बायको पिशवीभर फळं घेऊन त्याला बघायला गेले, ते घरी परतताना थंडोबांच्या गळ्यात घोडा पडलेला होता.

थंडोबा हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे ते इतकी वर्षं बसत होते की नवीन आलेल्या लोकांना खिडकी आणि ते एकदमच बसवले असावेत असं वाटे. माणसं रिकाम्या बादल्या घेऊन येत, गढूळ पाण्याच्या बाटल्या नाकासमोर धरत, वाट्टेल ते बोलत. थंडोबा मान किंचित तिरकी करून शेवटपर्यंत ऐकून घेत. समोरच्याचा दम संपला की म्हणत, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." त्याने नळाला पाणी येत नसे, पण आलेला माणूस जाताना निम्म्या आवाजात जाई. हे नाव सहकाऱ्यांनी कौतुकाने ठेवलं होतं की आणखी कशाने, याची चौकशी थंडोबांनी कधी केली नाही. काही चौकश्या न केलेल्याच बऱ्या.

मेव्हण्याचा तबेला गावाबाहेर, त्याच्या घराला लागूनच होता आणि त्यात त्याचा एकुलता एक अरबी नर होता. कागदावर त्याचं नाव ओळभर लांब होतं आणि ते मेव्हण्याखेरीज कुणाला उच्चारता येत नसे. बाकी सगळे त्याला साहेब म्हणत, कारण तो बघायला लागला की आपण हातात अर्ज घेऊन उभे आहोत असं वाटे. शुभ्र पांढरा, नाकाशी निमुळता, मान अशी की कुणीतरी एका दमात रेष ओढली असावी. तो चालायला लागला की पाय जमिनीला टेकतात की नाही, अशी शंका येई. गुण होते, पण ते लोकांना दिसायला हवे होते. प्रदर्शनात तो मोठ्या घोडेवाल्यांच्या नजरेत भरला नाही तर त्याच्याकडे फळवायला घोड्या कोण आणणार, असा मेव्हण्याचा हिशोब होता. आणि घोड्याच येणार नसतील तर इतकं तापट जनावर कशासाठी सांभाळायचं? जनावरांच्या डॉक्टरांना त्याने सांगूनच ठेवलं होतं. साहेबाला खच्ची करायचं आणि सहलीला येणाऱ्यांना पाठीवर बसवून फिरवणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचं.

हे तो छताकडे बघत बोलला. त्याच्या बहिणीने, म्हणजे थंडोबांच्या बायकोने, सफरचंद सोलायचं थांबवलं. थंडोबा खिडकीतून बाहेर बघत होते. तिथे साहेब कुंपणाशी उभा राहून, आपल्याबद्दल काय ठरतंय याचा पत्ता नसल्यासारखा, वाऱ्याकडे तोंड करून होता. थंडोबा वळले आणि म्हणाले, "माझी काही मदत होण्यासारखी असेल तर सांगा."

कार्यालयात हे वाक्य ते रोज म्हणत आणि त्यातून आजवर काहीच निष्पन्न झालं नव्हतं. त्या भरवशावरच ते म्हणाले होते.

"आहे ना, भाऊजी," मेव्हणा उशीवरून मान उचलून म्हणाला. "तुम्ही फक्त दोर धरायचा."

तबेल्यातला माणूस का नाही, असं थंडोबांनी विचारून पाहिलं. त्याला साहेबाने एकदा दंडाला धरून उचललं होतं. तेव्हापासून तो चारा कुंपणावरूनच आत फेकत असे.

तेव्हा त्याच दिवशी ओळख करून देण्यात आली. थंडोबा कुंपणाच्या आत गेले आणि साहेब कान मागे पाडून, खूर आपटत त्यांच्यावर चालून आला. पुढे आला, मागे गेला, फुरफुरला, मान झाडली. थंडोबांना पळायचं कसं हेही सुचेना, तेव्हा त्यांनी जे येत होतं ते केलं. मान किंचित तिरकी करून ऐकून घेतलं. साहेबाचं बराच वेळ चाललं होतं. मग ते संपलं. तो जवळ आला आणि त्याने थंडोबांच्या चष्म्यावर एक लांब, गरम श्वास सोडला. थंडोबांना काही दिसेनासं झालं. आतल्या खिडकीतून बघणाऱ्या मेव्हण्याने मात्र तिथूनच दोर आणायला सांगितलं.

कार्यालयात रजेचा अर्ज देताना कारण लिहायची पंचाईत झाली. "नातेवाइकाच्या आजारपणामुळे" असं लिहिता आलं असतं, पण थंडोबांनी आयुष्यात खोटा अर्ज केला नव्हता. त्यांनी जे होतं ते लिहिलं: "मेव्हण्याच्या घोड्यास प्रदर्शनात फिरवणे." वरिष्ठांनी अर्ज वाचला, थंडोबांकडे बघितलं, पुन्हा वाचला. घोडा हा नियमांत बसणारा नातेवाईक नव्हता. मेव्हणा बसत होता, पण तो प्रदर्शनात फिरणार नव्हता. शेवटी वरिष्ठांनी शेरा मारला की विनंती असाधारण आहे पण अर्जदार साधारण आहे, सबब मंजूर. हा शेरा थंडोबांना पुढे कितीतरी दिवस टोचत राहिला.

थंडोबांच्या राहत्या इमारतीत बातमी पसरायला जिना उतरण्याएवढाही वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी गुडघ्यांबद्दल सांगितलं. त्यांच्या यजमानांचे गुडघे तर नुसते बसूनच गेले होते. समोरच्या दंतवैद्यांनी घोड्याचे दात बघून वय कसं ओळखायचं ते सांगितलं. वय कागदावर लिहिलेलं आहे असं थंडोबा म्हणाले, तेव्हा दंतवैद्यांनी कागदावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं असं म्हणून दार लावून घेतलं. कुत्रा पाळलेल्या गृहस्थांचं मत असं, की सगळी जनावरं सारखीच, फक्त आवाजात जरब पाहिजे. हे सांगत असताना त्यांचा कुत्रा त्यांना ओढत फाटकाबाहेर नेत होता.

पण खरा ताबा घेतला तो वरच्या मजल्यावरच्या सरांनी. सर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून शिकवायला कुणी मिळत नसल्याने आतून झुरत होते. प्रदर्शनात घोड्याबरोबर धावावं लागतं हे कळताच त्यांनी थंडोबांना पहाटे वाहनतळात बोलावलं. नुसतं धावून उपयोगाचं नव्हतं, दोर हातात ठेवून धावायला हवं होतं आणि दोराला पलीकडून ओढ हवी होती. सरांनी क्षणभर विचार केला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. मग रोज सकाळी दूध आणायला निघालेल्या लोकांना एकच दृश्य दिसू लागलं. पुढे सर गुडघे उंच उचलत दुडक्या चालीने धावतायत, मधूनच मान झाडतायत, आणि मागून थंडोबा धापा टाकत दोरी सांभाळतायत. इमारतीच्या सेक्रेटरींनी फलक लावला की वाहनतळात जनावरं फिरवू नयेत. सरांनी तो अपमान गिळला, पण घोडा व्हायचं सोडलं नाही. थंडोबांची बायको गॅलरीतून बघायची. ती हसत नसे. एकदा फक्त म्हणाली, "अहो, तुम्ही असे धावता हे मला माहीतच नव्हतं." त्यात काय होतं ते थंडोबांना नीट कळलं नाही, पण त्या दिवशी ते एक फेरी जास्त धावले.

प्रदर्शनाला नाव द्यायचं तर पशुविभागाचा दाखला लागत होता. साहेबाला गाडीत चढवून, गाडी आवारात उभी करून थंडोबा खिडकीशी गेले. आतल्या कारकुनाने कागद पाहिले, मग उठून गाडीकडे नजर टाकली आणि कागद परत केले.

कागदावर लिहिलं होतं, रंग गडद तपकिरी, कपाळावर पांढरी चांदणी. गाडीतला घोडा नखशिखांत पांढरा होता.

या जातीतली काही शिंगरं जन्मताना गडद असतात आणि वर्षांगणिक पांढरी होत जातात, हे मेव्हण्याने पढवून ठेवलेलं थंडोबांनी नम्रपणे सांगितलं. कारकून म्हणाला, तसं असेलही, पण मग चांदणी कुठे आहे? थंडोबा म्हणाले, चांदणी आहे तिथेच आहे, फक्त बाकीचा घोडा पांढरा झालाय. कारकुनाने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की थंडोबांना ती नजर ओळखीची वाटली. ती त्यांची स्वतःची होती. त्यांनी खिशातून आपलं ओळखपत्र काढलं आणि त्यावरचा काळ्याभोर केसांचा फोटो आपल्या पांढऱ्या डोक्याशेजारी धरला. कारकुनाने तो नीट पाहिला आणि सांगितलं की त्यासाठी दुसरी खिडकी आहे.

"आपलं म्हणणं ऐकून घेतलं आहे," तो वर म्हणाला.

इतक्या वर्षांत थंडोबांना पहिल्यांदाच कळलं, की असलं वाक्य या बाजूने ऐकताना कसं लागतं. ते गाडीपाशी येऊन उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं. साहेबाच्या कपाळावर माश्या बसत होत्या, म्हणून त्यांनी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून त्याचं तोंड पुसायला घेतलं, आणि हात थांबला. ओले केस कातडीला चिकटल्यावर खालची कातडी दिसू लागली होती. सगळीकडे काळीसावळी, आणि डोळ्यांच्या बरोबर मध्ये गुलाबी रंगाची, स्पष्ट, जन्माला आला तेव्हाची चांदणी. कारकून जेवायला बाहेर पडत होता. थंडोबांनी त्याला हाक मारली नाही, नुसते बाजूला झाले. तो जाता जाता थबकला आणि जवळ आला. बराच वेळ तो घोड्याच्या कपाळाकडे बघत राहिला. मग आत गेला आणि शिक्का मारून आणला. साहेबाने त्याची बाही चावली, पण त्याबद्दल त्याने कुठे वाच्यता केली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी थंडोबांनी मेव्हण्याची पांढरी पॅन्ट घातली होती. ती कमरेला सैल होती, म्हणून बायकोने आतून टाके घातले होते. रिंगणात बाकीचे दोर धरणारे सडसडीत आणि तरुण होते. त्यांच्यात थंडोबा पाण्याचं मीटर तपासायला आल्यासारखे दिसत होते. प्रेक्षकांत बायको, सर आणि तळमजल्यावरच्या काकू होत्या. मेव्हण्याला हे सगळं फोनवरून ऐकवायचं काम सरांकडे होतं.

आधी घोड्याला स्थिर उभं करायचं होतं. बाकीचे लोक काड्या हलवत होते, जिभेने टकटक करत होते. थंडोबा साहेबासमोर उभे राहिले आणि त्यांनी मान तिरकी केली. साहेबाने मान उंच काढली, कान पुढे केले आणि तो त्यांच्याकडे असा बघत उभा राहिला की परीक्षक भोवती फिरून गेले तरी पापणी हलली नाही. इथपर्यंत सगळं उत्तम झालं.

मग धावायची वेळ आली. साहेब निघाला. पहिल्या चार पावलांत शेपटी झेंड्यासारखी वर गेली, आणि प्रत्येक पावलाला तो हवेत एक श्वासभर तसाच राहायचा. थंडोबांनी त्याला कुंपणात धावताना पाहिलं होतं, पण लांबून. इतक्या जवळून, त्याचा श्वास ऐकू येत असताना, मान आपल्या खांद्याशी असताना, कधीच नाही. ते सरांनी शिकवल्याप्रमाणे धावत होते. मग ते नुसते बघत होते. पाय कधी थांबले ते त्यांना कळलंच नाही. रिंगणाच्या मधोमध पांढऱ्या पॅन्टमधला एक वयस्क गृहस्थ तोंड उघडं ठेवून उभा होता, आणि दोराच्या टोकाला तो पांढरा घोडा त्याच्याभोवती आपला आपण तरंगत फिरत होता. थंडोबांच्या डोक्यात त्या वेळी बक्षीस नव्हतं, मेव्हणा नव्हता, खच्ची करणारे डॉक्टरही नव्हते. एवढंच होतं, की हे माझ्या हातात आहे आणि यातलं काहीही माझं नाही.

"काय झालं?" फोनवर मेव्हणा विचारत होता.

"घोडा धावतोय," सर म्हणाले. "हे उभे आहेत."

साहेबाला चालीचे सगळ्यांहून जास्त गुण मिळाले आणि सादर करणाऱ्याने सादर न केल्याबद्दल त्यातले बरेच गेले. दुसरा नंबर आला. मेव्हणा फोनवर काही बोलला नाही. तो बोलला असता तर थंडोबांनी ऐकून घेतलं असतं, पण त्याच्या न बोलण्याची त्यांच्याकडे नोंद करायची सोय नव्हती. परतीच्या वाटेवर त्यांनी बायकोला विचारलं, की मी फार वेड्यासारखा दिसत होतो का. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दिसत होतात. पण मीही तेच बघत होते."

डॉक्टरांची तारीख तशीच होती. ती येण्याआधी एक दिवस तबेल्याशी गाडी थांबली आणि तिच्यातून एक उंच, करड्या केसांच्या बाई आणि मागून एक तांबूस घोडी उतरली. बाईंची घोडेस्वारी शिकवणारी शाळा होती. प्रदर्शनात त्यांनी साहेबाला पाहिलं होतं. घोडी माजावर आहे, नर मोकळा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मेव्हणा प्लास्टरसकट खिडकीपर्यंत घसटत आला. तबेल्यातला माणूस घोडी धरायला तयार झाला, पण साहेबाला हात लावायला नाही. मग थंडोबांना फोन गेला आणि ते सरांना घेऊन आले; पुन्हा दोर कुणाच्या हातात, हे सांगायला नकोच.

थंडोबांना संकोच वाटत होता. बाई त्यांना सगळं अंकगणित समजावल्यासारखं समजावत होत्या आणि ते भिंतीवरच्या पालीकडे बघत मान डोलावत होते. साहेबाची ही पहिलीच वेळ होती. त्याने घोडीकडे पाहिलं, घोडी किंचाळली, आणि एवढा रुबाबदार नर थंडोबांच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. मेव्हणा खिडकीतून सूचना देऊ लागला. मदतीला म्हणून आलेल्या सरांनी शिट्टी वाजवून पाहावी असं सुचवलं. घोडी लाथ झाडू लागली. सगळे एकदम बोलत होते आणि साहेबाचे कान भिरभिरत होते. खिडकीतला मेव्हणा कपाळाला हात लावून म्हणाला, की उद्या डॉक्टर येतायत तेच बरं.

तेवढ्यात बाईंनी थंडोबांकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही पाणीपुरवठ्यात असता ना? तक्रारींच्या खिडकीत?"

थंडोबांनी कबूल केलं. मग बाईंचा बांध फुटला. त्यांच्या तबेल्याला गेली कित्येक वर्षं पाणी नीट येत नव्हतं. कितीदा त्या खिडकीशी आल्या होत्या, कितीदा हेच तिरकं डोकं त्यांनी पाहिलं होतं. घोड्यांना पाणी पाजायला त्या स्वतः बादल्या वाहत होत्या. थंडोबांनी सवयीने मान तिरकी केली. पण आज समोर काच नव्हती, आणि बाईंच्या तळहातांवरचे घट्टे दिसत होते. ते ऐकत राहिले. दोर हातात सैल झाला, याचं त्यांना भान नव्हतं. सगळ्यांचं लक्ष बाईंकडे गेल्यामुळे सूचना बंद झाल्या होत्या. शिट्टीही थांबली होती. बाई बोलत होत्या, सावकाश आणि सगळं, पहिल्या उन्हाळ्यापासून. बोलता बोलता त्यांचा आवाज उतरत गेला. त्यांचं संपलं तेव्हा थंडोबा नेहमीचं वाक्य म्हणायला गेले आणि ते त्यांच्या तोंडून निघेना.

"मी उद्या स्वतः येऊन पाइप बघतो," ते म्हणाले.

"भाऊजी," मेव्हणा खिडकीतून अगदी हळू आवाजात म्हणाला, "झालं."

थंडोबांनी मागे वळून पाहिलं. साहेब बाजूला उभा राहून गवत शोधत होता आणि घोडी कुठेतरी लांब बघत होती. सरांनी टोपी काढून हातात घेतली होती.

पाइप बघायला थंडोबा खरंच गेले, त्यांचं ते काम नव्हतं तरी. रस्त्याकडेला एक व्हॉल्व्ह गंजून अर्धा बंद बसला होता. तो बदलून घ्यायला त्यांना त्यांच्याच कार्यालयात अर्ज करावा लागला, आणि तो कसा फिरला, कुठे अडला, कुणी काय शेरे मारले, हे सांगत बसलो तर दुसरीच गोष्ट होईल. पण बाईंच्या नळाला पाणी आलं. डॉक्टरांची तारीख मेव्हण्याने त्याच संध्याकाळी पुढे ढकलली होती, आणि घोडी गाभण असल्याचं कळलं तेव्हा त्याने फोन करून साहेबाचा बेत रद्द केला. प्लास्टर निघाल्यावर दोर पुन्हा त्याच्या हातात गेला. थंडोबा रविवारी जात, कुंपणाशी उभे राहत, साहेब येऊन चष्म्यावर श्वास सोडी, आणि ते परत येत.

वर्ष उलटायला आलं तेव्हा बाईंनी कळवलं, की शिंगरू झालंय, मादी आहे, येऊन बघा. सगळे गेले. शिंगरू गडद तपकिरी होतं. मेव्हण्याने त्याला आईमागे धावताना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मान आखूड होती, शेपटी खालीच होती. पाय जमिनीवर पडायचे ते धपधप पडायचे. बापाचं काही म्हणजे काही उतरलं नाही, असं तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

थंडोबांना वाईट वाटलं. त्यांनी बाईंना विचारलं, पुढे तरी हिला ती चाल येईल का?

"कळायला वेळ आहे," बाई म्हणाल्या. "नाही आली तर नाही. मला ती ठेवायचीच आहे." मग म्हणाल्या, माणसाची सवय व्हावी म्हणून कुणीतरी रोज थोडा वेळ आत नुसतं उभं राहायला हवं असतं. तुम्ही राहता का थोडं?

थंडोबा आत गेले आणि उभे राहिले. शिंगरू आईच्या आडून त्यांच्याकडे बघत राहिलं. ऊन सरकत सरकत त्यांच्या बुटांवर आलं. सर कुंपणाबाहेरून काहीतरी सुचवणार होते, पण थंडोबांच्या बायकोने त्यांच्या बाहीला धरून गप्प केलं. शेवटी ते लांबटांगं, बेढब पोर एकेक पाऊल टाकत पुढे आलं. त्याने थंडोबांच्या शर्टाचं बटण चावून पाहिलं, आणि ते न आवडल्यामुळे आपलं सगळं वजन त्यांच्या मांडीवर टाकून ते उभ्या उभ्याच पेंगू लागलं.

गाडीतून मेव्हण्याने हॉर्न वाजवला. बायकोने जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, की निघायचं ना.

"हो, निघू," थंडोबा म्हणाले, आणि हलले नाहीत.